वाटीची आतली बाजू

१

योंग गाडीला आधी हात लावत नाही. बॉनेट उघडतो, इंजिन चालूच ठेवतो, पिशवीतली गार कॉफी नळीने ओढत बाजूला उभा राहतो आणि नुसता ऐकतो. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. संगणक जोडायचा तो त्यानंतर. सुंगाई बुलोहच्या त्या पत्र्याच्या गॅरेजांच्या रांगेत बाकीचे आधी संगणक जोडतात आणि गिऱ्हाइकाला घाबरवून सोडतात. योंगला ते जमत नाही. म्हणून त्याच्याकडे गर्दी नसते, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे जाते.

"डॉक्टर झालास की काय?" मी म्हणाले.

"डॉक्टर एवढा वेळ देतो का, काक?" मी त्याच्याहून मोठी, म्हणून काक, म्हणजे ताई. "डॉक्टर तोंडाकडेसुद्धा बघत नाही, गोळी लिहितो. जरा गप्प राहा."

गाडी जर्मन, करडी, दिसायला साधी. पण आत उधळलेला घोडा. आधीच्या मालकाने इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. वाढीव ताकदीला पेट्रोलही जास्त लागतं, म्हणून मूळचा हाय-प्रेशर पंप काढून बाजारातला मोठा पंप बसवला होता. मुठीत मावेल एवढी वस्तू. इंजिनाच्या टोकाला बसते, टाकीतून आलेलं पेट्रोल घेते आणि प्रचंड दाबाने पुढे ढकलते. तिची टकटक बाहेर ऐकू येते, शिलाई मशीन चालावं तशी. त्यात वावगं काही नाही.

दोषही साधाच होता. चढावर पाय पूर्ण दाबला की पेट्रोलचा दाब एकदम कोसळायचा, दिवा लागायचा आणि घोड्याचं गाढव व्हायचं.

"पंप असेल," योंग म्हणाला. "नाहीतर पंपाच्या आधीचं काहीतरी. नाहीतर नंतरचं."

"वा! म्हणजे दोष गाडीतच आहे म्हण की."

तो हसला. मग त्याने पुन्हा मूठ कानाला लावली आणि ते हसू तिथेच थांबलं.

"एक टक जास्तीची आहे," तो म्हणाला. "आणि ती तालात नाही."

"म्हणजे?"

"असेल काहीतरी सैल." त्याने कॉफीची पिशवी खिळ्याला अडकवली आणि स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवला. टोक पुसावं ना? त्याने मूठ पुसली.

२

माझ्या वयाच्या बाया नोकरी संपली की उमराहच्या यात्रेला जातात. मी निवृत्त होताना माझ्या पेपरने हातावर टेकवलेल्या पैशांतून ही गाडी घेतली, आणि हौसेने नाही घेतली.

सेलायांगच्या घाऊक बाजारात सेनोवारा नावाची एक रोहिंग्या बाई कांदे निवडते. तिचा नवरा जोमिर पूचोंगच्या एका दुकानात काम करायचा. गाड्यांची ताकद वाढवून देणारं, काचेच्या भिंतींचं, थंडगार दुकान. मालकाचं नाव रेडझुआन. त्याचे व्हिडिओ सगळा देश बघतो. एका दुपारी जोमिरने बायकोला फोटो पाठवला: करड्या गाडीचं उघडं बॉनेट, नवा पंप, त्यावर ठेवलेला त्याचा हात. फोटोत नंबरप्लेटही आली होती. त्यानंतर जोमिर घरी आला नाही.

मी रेडझुआनला विचारलं. आधी म्हणाला, "कोण जोमिर? आमच्याकडे असा कुणी नव्हता." फोटो दाखवला तेव्हा म्हणाला, "हात कुणाचाही असेल. ही माणसं येतात, जातात. पळाला असेल. तिकडे दुसरं लग्न लावून बसला असेल." पोलीस म्हणाले, ज्याच्याकडे निर्वासिताचं कार्ड नाही तो हरवला असं कसं लिहायचं? आणि माझा संपादक, ज्याला मी बातमीचं पहिलं वाक्य लिहायला शिकवलं होतं, तो म्हणाला, "काक, यात बातमी कुठे आहे?"

सेनोवाराला बातमी नकोच होती. तिला इद्दतीला बसायचं होतं. नवरा मेला तर बाई इद्दत पाळते, दुःख करते आणि मग उठते. पण तो मेला असं सांगणारं कुणी नाही, म्हणून तिच्या वस्तीतल्या उस्ताझांनी, धर्म शिकवणाऱ्या गुरुजींनी, हात वर केले. कुणीतरी साक्षीदार आणा, म्हणाले. शेजारणी तर रेडझुआनचंच म्हणणं धरून बसल्या होत्या, पळाला म्हणून.

"मला एवढंच सांगा, आपा," ती मला म्हणाली होती. "मी विधवा आहे की टाकलेली?"

साक्षीदार काही मिळेना. मग एक दिवस तीच नंबरप्लेट विक्रीच्या जाहिरातीत दिसली. आधीचा मालक दुरुस्त्या करून थकला होता. मी गाडी घेतली. त्या दुपारी त्या पंपापाशी काहीतरी झालं होतं, आणि माणसं बोलत नसतील तर पंपाला बोलतं करायचं, एवढाच माझा विचार होता. तेव्हा हे वाक्य मला फार चांगलं वाटलं होतं.

३

योंगने क्रम सोडला नाही. टाकीतला छोटा पंप तपासला, चांगला होता. गाळणी बदलली. दाब मोजणारा सेन्सर बदलला, कारण कधी कधी दाब ठीक असतो आणि सेन्सरच खोटं बोलतो. जास्तीचा दाब परत सोडणारी झडप बदलली. प्रत्येक वेळी आम्ही हायवेवर जायचो, मी चढावर पाय दाबायची, तो मांडीवरच्या पडद्यावरचा आकडा बघायचा, आणि आकडा दगडासारखा खाली यायचा.

"एक गंमत आहे," तो एकदा परत येताना म्हणाला. "पंप थकला तर दाब हळूहळू उतरतो. हा एकदम उतरतो. मग थोडा वर येतो. पुन्हा उतरतो."

"म्हणजे काय?"

"नळाला बोट लावल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी त्याने पंप काढला. पंप आणि इंजिनाचा फिरता दांडा यांच्यामध्ये एक पोलादी वाटी असते. शिंप्याच्या अंगुस्तानासारखी, त्याहून थोडी मोठी. दांडा तिला बाहेरून ठोकतो, ती पंपाला ठोकते. झिजायची ती बाहेरून झिजते. आतून, पंपात वर-खाली होणाऱ्या काडीचा बारीक ठिपका उमटतो, बस्स.

योंगने वाटी बोटांवर फिरवली. बाहेरची बाजू आरशासारखी होती. त्याने ती उलटी केली, दाराशी उजेडात नेली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

"काय झालं?"

"माल खराब," तो म्हणाला आणि वाटी खिशात टाकली.

"दाखव."

"काय बघायचंय त्यात?"

"योंग, मंत्र्यांच्या खिशातून कागद काढलेत मी. दाखव."

वाटीच्या तळाशी, आतल्या बाजूला, बारीक रेषा होत्या. एकात एक वळलेल्या, मध्ये भोवरा. त्यावरून तिरकी गेलेली एक सरळ खूण. पोलादात चांगल्याच खोल.

 जोमिरला शवागारांत शोधण्यासाठी सेनोवाराने मला जी खूण सांगितली होती ती माझ्या पाठ होती. उजव्या अंगठ्यावर तिरकी, पत्र्याने कापलेली.

४

मी पुराव्याशिवाय एक ओळ लिहिलेली नाही, आणि स्वतःलाही त्यातून सूट देत नाही. योंगने कारण दिलं ते मी आनंदाने घेतलं. कारखान्यात कुणीतरी घामट हाताने वाटी धरली असेल. घामाने गंज धरतो, गंजाने ठसा उरतो. असं होतं, त्याने पाहिलं होतं. ठसे तर सगळ्यांनाच असतात. तिरकी खूण? ओरखडा.

त्याने दुसऱ्या कंपनीची नवी वाटी आणली. ती मी स्वतः स्पिरिटने पुसली, भिंगाखाली पाहिली. आत काही नव्हतं. योंगने हातमोजे घालून बसवली. आम्ही चढावर गेलो, दाब कोसळला, परत आलो, पंप काढला.

ठसा तोच होता. पहिल्यापेक्षा खोल.

"बघ," मी म्हणाले, "काडीच वाकडी असेल. वाकडी काडी फिरताना अशी गोल रेघ काढत असेल."

"काडी वर-खाली होते, काक. फिरत नाही."

"थोडी फिरत असेल."

"बरं," तो म्हणाला. "फिरत असेल." वाद घालायला त्याला सहसा फार आवडतं.

मी वाटी हातात घेतली. ती अजून गरम होती. का, ते मला सांगता येणार नाही, पण मी माझा उजवा अंगठा तिच्यात घातला. तो तळाला टेकला. आणि तेव्हा लक्षात आलं की मी वाटी ज्या बाजूने धरली आहे ती पंपाची बाजू आहे. ज्याने हा ठसा उमटवला त्याला तो उमटवायला पंपाच्या आत असावं लागेल, आणि बाहेरच्या दिशेने रेटत असावं लागेल.

योंगने माझ्या हातातून वाटी काढून घेतली. मागच्या भिंतीवरच्या लाल देव्हाऱ्यासमोर सकाळची उदबत्ती विझली होती. त्याने नवी लावली. एरवी तो दुपारी लावत नाही.

५

"मला ऐकू दे," मी म्हणाले.

"मी नाही ऐकणार पुन्हा. तुम्हाला हौस असेल तर ऐका."

इंजिन संथ चाललं होतं. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, पलीकडच्या गॅरेजात कुणीतरी रेडिओवरच्या फुटबॉलच्या जुन्या सामन्याबद्दल भांडत होतं. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली.

आधी नुसतं शिलाई मशीन. घाईचं, नेमकं. मग त्याच्याखाली दुसरं काहीतरी. त्याला घाई नव्हती. रेटा, थांबा. रेटा, थांबा. घट्ट बसलेलं झाकण आतून उघडत असलेला माणूस दमला की जसा थांबतो, तसं. थांबला की एक बारीक, ओला आवाज यायचा. पेट्रोलचा असेल. पेट्रोल आतून जातंच ना? मी स्वतःला हे सांगितलं आणि टोक उचललं. आवाज बंद. टोक टेकवलं. रेटा चालू, पण आता तालात बदल होता.

मी बोटाने बॉनेटच्या कडेवर हळूच दोनदा वाजवलं. मूर्खपणा, मला माहीत आहे.

आतला रेटा थांबला. इंजिन चालू होतं, पंप चालू होता, तो एकटाच थांबला होता. ऐकत असल्यासारखा.

"झालं?" योंगने दारातून विचारलं. तो आत येत नव्हता.

"गाडी पूचोंगला न्यायची आहे," मी म्हणाले.

६

रेडझुआन मला बघून खूश झाला. शत्रू म्हातारे झालेले बघून माणसं होतात तशी.

"काक झाविया! अजून लिहिताय? पेपर वाचतं कोण आता? मासेवाले तरी गुंडाळायला घेतात का?"

"मी गिऱ्हाईक म्हणून आलेय. तू बसवलेला पंप चालत नाही."

"माझा पंप?" त्याने गाडी पाहिली. ओळखली, डोळे क्षणभर नंबरप्लेटवर अडकले. पण आजूबाजूला त्याचे चाहते उभे होते, एकाने फोन धरला होता. "पाच मिनिटांत दाखवतो. बघा रे, अशा गाड्यांना बाहेर स्वस्तातले हात लागले की काय होतं ते."

त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर कशाला असेल? डॉक्टरांसारखी खरी नळी होती, चकचकीत. त्याने ती कानांत घातली, टोक पंपावर ठेवलं आणि फोनकडे बघून भुवई उडवली.

ती भुवई तशीच वर राहिली.

काचेच्या भिंतींमुळे त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. इंजिन, एसीची घरघर, आणि रेडझुआनचा श्वास. तो वाकत गेला. मग, समोर कुणीच नसताना, अगदी रोजच्या चिडक्या आवाजात म्हणाला, "हात काढ."

पोरं हसली. त्यांना वाटलं विनोद आहे.

"हात काढ म्हटलं ना तुला! बंद कर रे गाडी! कुणीतरी बंद करा!"

मी किल्ली फिरवली. तो मागे सरकत टायरांच्या ढिगावर बसला. मी फोनवाल्याला बाहेर काढलं, दार लावलं आणि काहीच विचारलं नाही. माझ्या धंद्यात गप्प बसण्याएवढं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

"सांध्यातून पेट्रोलचा वास येत होता," तो म्हणाला. "त्याने अंगठा फिरवून बघितलं. जुन्या गाड्यांत सगळे तसंच बघतात, ओलं लागतं का म्हणून. याच्यात दाब केवढा असतो! पेट्रोल थेट अंगठ्यात घुसलं, टाचणीएवढं भोक पडलं, काक. रक्तसुद्धा नाही. मी म्हटलं बर्फ लाव आणि काम संपव. गिऱ्हाईक बसलं होतं." त्याने ओठ पुसले. "संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत काळा पडला."

"मग?"

"हॉस्पिटलच्या फाटकापाशी सोडलं. आत नाही नेलं. नेलं असतं तर विचारलं असतं, कुणाचा माणूस. सकाळी पुन्हा गेलो होतो, देवाशपथ गेलो होतो. तो तिथेच बसथांब्यावर होता. तोंडापासून खाली चादर टाकलेली. पायांत आमच्या दुकानाचे बूट."

"उतरलास?"

"नाही."

गाडी बंद होती. तरीही तो तिच्याकडे पाठ करत नव्हता.

"हे तू सेनोवारासमोर बोलशील. उस्ताझांसमोर," मी म्हणाले. "नाहीतर गाडी इथेच सोडून जाते. चालू ठेवून."

७

पुढच्या शुक्रवारी, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, सगळे योंगच्या गॅरेजात जमले. गाडी तिथे होती आणि रेडझुआनला ती पुन्हा स्वतःच्या दुकानात नको होती, म्हणून तिथे. योंगने खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. उस्ताझ एका खुर्चीवर, सेनोवारा स्टुलावर, हाताला कांद्याचा वास. रेडझुआन उभा. त्याने सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. मी वर्षभर ज्या एका वाक्यासाठी दारं वाजवली ते वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारलं: तो माझ्याकडे काम करत होता आणि तो मेला.

उस्ताझांनी मान हलवली. "बूट ओळखलेत. जागा सांगताय, वेळ सांगताय. मला पुरे आहे." मग सेनोवाराकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बेटी, आजपासून इद्दत धर."

सेनोवारा रडली नाही. तिने रेडझुआनला विचारलं, "चादर उचलून तोंड बघितलं?"

"नाही."

"ही ती गाडी?"

मला तेव्हाच तिला घरी न्यायला हवं होतं. पण तिने विचारलं आणि मी हो म्हणाले. पंप दाखव म्हणाली, योंगने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. चालू करा म्हणाली. रेडझुआन दारापर्यंत मागे गेला. योंगने स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि मूठ कुठे लावायची ते दाखवलं.

ती वाकली. ऐकत राहिली. सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मशीनचा आवाज ऐकणाऱ्या बाईचा चेहरा. मग ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला ती भाषा फार कळत नाही, पण स्वर कळला. उशिरा घरी आलेल्या माणसाला दार उघडताना बायको ज्या स्वरात बोलते तो. रागाचा, पण ताट वाढायला निघालेला.

तिने थांबून उत्तर ऐकलं. पुन्हा बोलली.

"सेनोवारा," मी म्हणाले.

"हा माणूस खोटं बोलतोय, आपा." तिने मान वर न करता रेडझुआनकडे बोट दाखवलं. "आधी म्हणाला पळाला. आता म्हणतो मेला. मेलेला माणूस एवढा जोर लावतो का?"

"बेटी, ते यंत्र आहे," उस्ताझ म्हणाले.

"मग तुम्ही ऐका."

उस्ताझ खुर्चीतून उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, बायको मरण मानत नसेल तर मी काय करणार, आणि चपला शोधू लागले. मी त्यांच्या मागे गेले, हात जोडायचे तेवढे जोडले. ते थांबले नाहीत. 

रेडझुआनच्या चेहऱ्यावर मात्र रंग परत येत होता. मी आयुष्यभर अशी माणसं बघितली आहेत आणि मला तो रंग ओळखता येतो.

"ऐकलंत ना, काक?" तो म्हणाला. "बाई स्वतः सांगते, नवरा जिवंत आहे. मग मी कशात सापडतो? सापडत नाही. मी तर सुरुवातीलाच म्हटलं होतं."

"तू आत्ता काय कबूल केलंस ते आम्ही सगळ्यांनी ऐकलंय!"

"कुणी सगळ्यांनी? उस्ताझ गेले. हा चिनी मध्ये पडणार नाही. आणि तुमचं छापतं कोण?" तो निघून गेला. त्याच्या गाडीचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत ऐकू आला. माजोरडा, निरोगी आवाज.

योंगने इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"नको," सेनोवारा म्हणाली. "बंद केलं तर तो एकटा पडतो."

ती स्टूल जवळ ओढून बॉनेटखाली बसली. स्क्रूड्रायव्हर तिने खाली ठेवला होता. आता तिला त्याची गरज नव्हती. मी जवळ गेले, तिला खांद्याला धरून उठवायला. आणि तेव्हा पंपाच्या धातूच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, मला एक फुगवटा दिसला. सकाळी तो नव्हता. अंगठ्याच्या पेराएवढा. धातू तिथे ताणून पातळ, जवळजवळ पांढरा झाला होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो किंचित मागे गेला, मग पुन्हा वर आला.

मी तिला उठवलं नाही. वर्षभर मी तिला सांगत आले होते की तुला खरं काय ते कळायलाच हवं, ते मी कळवीन. आता कुठल्या तोंडाने सांगू की पुरे?

"पेट्रोल किती आहे, आपा?" तिने विचारलं.

मी दार उघडून काटा बघितला. तो तळाला टेकत आला होता. योंग मागच्या भिंतीपाशी उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

मी कोपऱ्यातला कॅन उचलला आणि पेट्रोल आणायला निघाले.